चिकोडीतला ऑस्कर

लॉस एंजेलिसमध्ये रविवारची संध्याकाळ, तेव्हा चिकोडीत सोमवारची पहाट. १३ मार्च २०२३ ला साडेपाच वाजता आमच्या टीव्हीसमोर शेजारपाजारचे दहा-बारा जण जमले. पार्टी म्हणजे उप्पीट आणि चहा. इंग्रजी भाषणं मी आधी मराठीत सांगायचो, मग कन्नडमध्ये. ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळालं आणि सगळे एकदम ओरडले. गाणं तेलुगू, म्हणजे ना आमचं ना त्यांचं. सीमाभागात ही मोठीच सोय!

आजीला मात्र ‘श्वास’ आठवला. २००४ साली भारतातर्फे तो ऑस्करला गेला, प्रचारासाठी लोकांनी वर्गणी दिली, पण नामांकन हुकलं.

“मीबी धा रुपये दिलतो की,” समोरचे कन्नड काका म्हणाले. इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. आजीने त्यांच्या बशीत आणखी उप्पीट वाढलं.