हात धर, उचलू नकोस

योगेश्वरीचा मार्गशीर्षातला उत्सव तोंडावर आला होता, आणि नेमकी तेव्हाच आमची आई अंबाजोगाईच्या घरी न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसली. "दोन दिवसांनी उभे करा," असे डॉक्टरांनी बजावले. पण सत्त्याहत्तर वर्षांच्या आईला दोन दिवसांत उभी करायची म्हणजे मला कसायाचे काम वाटले. मी तिला पलंगावरच ठेवले. पाणी हातात, ताट हातात, उशाशी घंटा. शेजारीपाजारी माझे कौतुक करीत आणि मी ते मुकाट्याने पदरात घेई. आई मात्र चिडे. "अरे, मी काय मखरातली गौर आहे?"

तीन आठवड्यांनी पुण्याहून भाची आली. ती जीवरसायनशास्त्र शिकते. आल्या आल्या तिने घंटा जप्त केली आणि मला ओसरीवर बसवून माझी शिकवणी घेतली.

"मामा, हाड म्हणजे तुला लाकडाचा वासा वाटतो का रे?"

खरे सांगायचे तर तसेच वाटत होते. पण हाडाचे बांधकाम म्हणे जन्मभर चालूच असते. काही पेशी जुने हाड विरघळवतात, काही नवे रचतात. दोघींनाही आधी हाडाला घट्ट धरावे लागते. त्यासाठी हाडात जी प्रथिने असतात, त्यांतले एक ऑस्टिओपॉन्टिन. ग्रीक भाषेत 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड, लॅटिनमध्ये 'पॉन्स' म्हणजे पूल. हाडाचा पूल! हे प्रथिन एकीकडे हाडातल्या कॅल्शियमच्या क्षारांना चिकटते. दुसरीकडे त्याच्यात आर्जिनीन, ग्लायसिन आणि अॅस्पार्टिक आम्ल अशा तीनच दुव्यांची कडी असते. पेशीच्या पृष्ठभागावरचे इंटिग्रिन नावाचे ग्राहक नेमकी तीच कडी पकडतात. ही तीन दुव्यांची खूण पियर्शबाखर आणि रूओस्लाहटी यांनी १९८४ साली दुसऱ्या एका प्रथिनात ओळखली. १९८६ साली ओल्डबर्ग, फ्रान्सेन आणि हाइनेगार्ड या स्वीडनच्या शास्त्रज्ञांना ती उंदराच्या हाडातल्या या प्रथिनात सापडली.

"बरे, मग आईचे काय?" मी विचारले.

"तेच सांगते. इंटिग्रिन पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले असते. त्याचे आतले टोक पेशीच्या सांगाड्याला बांधलेले. म्हणून बाहेर ओढ बसली की आत कळते. हाडावर भार पडतो आहे हे पेशींना अशाच पकडींतून जाणवते. भारच नसला, तर पाडणाऱ्या पेशी पुढे जातात आणि बांधणाऱ्या मागे पडतात. अंतराळवीरांचे खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजते, ते त्यामुळेच. आणि आजीला तर तू पलंगावरूनच अंतराळात पाठवले आहेस!"

मी खाली मान घातली. मायेपोटी मी आईचा सगळा भार काढून घेतला होता, आणि तिच्या हाडाला हवा होता तो भारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला उभे केले. पाय लटपटत होते. मी दोन्ही हातांनी तिला सावरू लागलो, तशी ती करवादली,

"हात धर. उचलू नकोस."

पलंगापासून तुळशीपर्यंत सोळा पावले. त्यातल्या प्रत्येक पावलाला तिचे वजन माझ्या तळहातावर येत होते. तुळशीपाशी थांबून तिने इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाली, "इतके दिवस हिला पाणी कोणी घातले नाही वाटते?"