एका रायफलीचा हिशोब

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात आमचं ऑफिस अर्धं रिकामं असतं. लोक स्टँडअपमध्ये 'शुक्रवारपासून जंगलात आहे' एवढंच सांगतात आणि कुणालाही त्यात विशेष वाटत नाही. मॅडिसनला आल्यावर पहिली दोन वर्षं मी हे लांबून बघितलं. तिसऱ्या वर्षी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (1 जानेवारी 1973 नंतर जन्मलेल्यांना तो इथे सक्तीचा आहे). पुढचे तीन महिने माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: दुर्बीण आणि काडतुसं धरून हजार डॉलरच्या आत चांगली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल कोणती?

भारतातल्या मित्रांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच असायचा. व्हिसावर असताना बंदूक मिळते? मिळते, पण एका बारीक फटीतून. 1998 पासून अमेरिकेच्या कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक घेता येत नाही, जवळ बाळगताही येत नाही. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे तुमच्याकडे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असणं. दुकानात जो 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हा प्रश्न आणि हा अपवाद दोन्ही छापलेले आहेत. म्हणजे माझ्या बाबतीत क्रम उलटा होता. इथली माणसं आधी बंदूक घेतात, मग परवाना काढतात.

दुसरा प्रश्न, 'पण कशाला?' याचं उत्तर थोडं लांब आहे. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आजोबांच्या खोलीत भिंतीला टांगलेली असायची, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंद, त्यामुळे मी लहानपणी ऐकल्या त्या गोष्टीच. पण मांस मी रोज खातो, आणि ते कायम दुसऱ्या कुणीतरी मारलेलं असतं. हे एकदा तरी स्वतः करावं आणि नीट करावं, असं वाटत होतं. रायफल घेतोय हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी ना किंमत विचारली ना कंपनी. ते म्हणाले, "आणि नेम चुकलो तर?"

पूर्ण चुकला तर काहीच नाही, हरीण पळून जातं. बाबा विचारत होते ते अर्धवट चुकण्याबद्दल. पोटात गोळी लागलेलं जनावर मैलभर जातं आणि कुठल्यातरी झुडपात तासन्‌तास मरत पडतं. त्यांच्या त्या चार शब्दांत मला माझं स्पेसिफिकेशन मिळालं. नंतर प्रत्येक फीचर मी त्यावरच घासून बघितलं.

बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे काय हे कळायला आपल्या दाराची लोखंडी कडी आठवा. दांडा वर फिरवायचा, मागे ओढायचा; रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. नवं काडतूस आत जातं आणि बोल्टच्या तोंडाशी असलेले लोखंडी कान खाचेत अडकून बसतात. बार उडतो तेव्हाचा सगळा दाब ते कान पेलतात. जर्मनीच्या माउझरने 1898 मध्ये या रचनेला जे रूप दिलं, तेच मूळ धरून आजच्या बहुतेक शिकारी रायफली बनतात. सव्वाशे वर्षं मूळ डिझाइन स्थिर आहे. मग कंपन्या करतात काय? बहुतांशी तेच स्वस्तात बनवायच्या युक्त्या शोधतात. मला सगळ्यात मजा या भागात आली.

विंचेस्टरचं मॉडेल 70 हे 1936 चं. पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेलं, काडतुसाची कड घट्ट धरून ठेवणारं लांब नख असलेलं. कारागिरांचा पगार वाढला, हिशोब बसेना, म्हणून 1964 मध्ये कंपनीने डिझाइन बदललं. ते नख गेलं, दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी गेली, तिथे साच्याने दाबलेली नक्षी आली. गिऱ्हाइकं इतकी चिडली की आजही जुन्या बाजारात 'प्री-सिक्स्टीफोर' हा शब्द उच्चारला की किंमत चढते. खर्च कापताना लोकांच्या हाताला जाणवेल तिथे कापलं, की असं होतं.

याउलट सॅव्हेज 110, 1958 ची. बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला आत नेमकी किती जागा उरते, हे माप फार काटेकोर असावं लागतं, आणि ते जुळवायला एरवी कुशल फिटर लागतो. निकोलस ब्रूअरने काय केलं, तर आत मापाचा गेज ठेवून नळी टेकेपर्यंत फिरवायची आणि बाहेरून एक नट आवळायचा. झालं! दिसायला तो नट कुरूप आहे, माझ्या एका सहकाऱ्याला तो बघवत नाही, पण माप अचूक बसतं आणि फिटरचे तास वाचतात. मला तर अभियांत्रिकीचं याहून सुंदर उदाहरण चटकन आठवत नाही.

फिनलंडच्या रीहिमॅकीत साकोच्या कारखान्यात बनणाऱ्या टिक्का टी-थ्रीचं (2003) डोकं आणखी वेगळं. आखूड काडतूस असो की लांब, रिसीव्हर एकच. फक्त बोल्ट किती मागे येईल ते अडवणारा तुकडा आणि मॅगझिन बदलायचं. एकच बिल्ड, दोन कॉन्फिग फाइली. त्या वाचलेल्या पैशांत त्यांनी नळी आणि चाप चांगला ठेवला. रुगर अमेरिकनमध्ये दस्ता प्लास्टिकचा आहे, पण रिसीव्हर बसतो त्या जागी आत धातूचे ठोकळे साच्यातच ओतलेले असतात, म्हणून नळी आपली जागा सोडत नाही.

या सगळ्याचा परिणाम असा, की आज चारशे-पाचशे डॉलरची साधी रायफल शंभर यार्डांवर तीन गोळ्या साधारण एक-दीड इंचात मारते. आणि हरणाचं हृदय-फुप्फुस मिळून लक्ष्य आठ-दहा इंचांचं. विस्कॉन्सिनच्या दाट झाडीत शंभर यार्डांपलीकडे बहुतेक वेळा दिसतही नाही. म्हणजे अर्ध्या इंचात मारणाऱ्या दोन हजारांच्या रायफलीने माझा प्रश्न सुटत नव्हता, कारण तो प्रश्न रायफलीचा नव्हताच. थंडीत कुडकुडणारे, ओझरत्या हरणाकडे बघून थरथरणारे हात दहा-दहा इंच इकडेतिकडे जातात. (तीन गोळ्यांचा कागद फ्रेम करून मिरवणाऱ्या लोकांबद्दल एक तक्रार: तीन रन्सचा बेंचमार्क घेऊन कोडरिव्ह्यूला आलात तर आम्ही तुम्हाला परत पाठवू. निदान दहा तरी मारा.)

मग जास्तीच्या पैशांत मिळतं काय? गुळगुळीत बोल्ट, जो दुसरी गोळी पटकन लागली तर कामाला येतो. गंज न धरणारं स्टील. हातात न वाकणारा दस्ता. चांगलं लाकूड, म्हणजे निव्वळ आनंद. त्याला माझी हरकत नाही, फक्त तो कार्यक्षमतेच्या खात्यात लिहू नये. एका गोष्टीवर मात्र मी तडजोड करायला तयार नव्हतो, ती म्हणजे चाप. तो जड आणि खरखरीत असेल तर ओढताना अख्खी रायफल हलते, आणि पोटात लागलेल्या गोळ्या अशाच घडतात. सॅव्हेजने अ‍ॅक्युट्रिगर आणून स्वस्त रायफलींचा हा दोष बराच घालवला, बाकीच्यांना मग मागे यावंच लागलं.

शेवटी मी वापरलेली घेतली. शिकारी माणूस वर्षाला दहा-वीस गोळ्या झाडतो. .308 ची नळी हजारो गोळ्या सहज टिकते. म्हणजे पंधरा वर्षं जुनी रायफल आतून जवळजवळ नवी असते, आणि भाव पडतो तो दस्त्यावरच्या ओरखड्यांमुळे. गाडीच्या बाबतीत हे गणित कधीच जमत नाही. खाजगी विक्रेते पुष्कळ होते, पण माझ्या स्टेटसच्या माणसाने कागद पक्के ठेवावेत म्हणून दुकानच गाठलं. टॉर्च लावून नळी आतून बघितली. नळीच्या टोकाच्या कडेला ठेच लागलेली नाही ना, ते नखाने चाचपलं; गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. स्क्रूंची डोकी झिजलेली नव्हती, म्हणजे कुणी घरी खोलून प्रयोग केलेले नव्हते. टिक्का टी-थ्री लाइट, .308, 525 डॉलर.

ती जेमतेम 2.8 किलोची. खांद्यावर घेऊन चालायला छान, पण संवेगाचा नियम कुणाला सुटत नाही: रायफल जितकी हलकी, तितका धक्का जास्त. धक्क्याला घाबरून माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि बाबांचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. म्हणून 25 डॉलरचं रबरी पॅड बसवलं. दुर्बिणीला 220 गेले, तिच्या बैठकीला 40. उरलेले सगळे पैसे काडतुसांत घातले, वीसच्या पाच पेट्या. उन्हाळाभर रेंजवर गेलो. पहिल्या दोन पेट्यांनंतर टेबलावरून मारणं बंद केलं आणि मांडी घालून, झाडाला टेकून, चार जिने पळून आल्यावर धापा टाकत मारायला लागलो. माझं अंतर ठरलं: ऐंशी यार्ड. त्यापलीकडे चाप ओढायचा नाही.

हंगामात पहिले दोन दिवस खारींशिवाय काही आलं नाही. सोमवारी सकाळी एक मादी साठेक यार्डांवर आली, पण तोंड माझ्याकडे करून. तिला आडवं व्हायला सहा-सात मिनिटं लागली असतील. एक गोळी. ती चाळीस पावलं धावली आणि पडली. मी बराच वेळ जागेवरून उठलो नाही. मग तिथेच बसून फोनवर तिची नोंदणी केली; दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ती करावी लागते. 2002 पासून इथल्या हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडतोय, म्हणून डोकं तपासणीच्या पेटीत नेऊन टाकलं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये पडून होतं. निकाल चांगला आला.

रायफल आता कुलपाच्या कपाटात आहे. माझा तिच्यावरचा हक्क अजूनही त्या परवान्यावरच टांगलेला आहे: तो संपला आणि नवा नसला, तर ती नुसती घरात असणंही माझ्यासाठी गुन्हा. इथलं परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं. फोनमध्ये 15 मार्चचं रिमाइंडर लावलंय, दरवर्षी वाजेल असं.