पैनगंगेच्या दोन तीरांवर

यवतमाळ जिल्ह्याचें नांव काढलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें कापूस उभा राहतो, आणि हल्लीं त्या कापसामागोमाग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची दुःखद आठवणही येते. परंतु हा जिल्हा आणखी एका गोष्टीसाठीं पाहण्यासारखा आहे, आणि ती गोष्ट प्रवासदर्शक पुस्तकांत सांपडत नाहीं. माणसाच्या जमातीचें नांव कोणीं ठरवावें, आणि समाजांत मिसळून गेलेल्या माणसानें आपलें वेगळेपण कोणत्या पुराव्यानें दाखवावें, हा प्रश्न येथें एका नदीच्या दोन कांठांवर प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. गेल्या मार्गशीर्षांत एका स्नेह्यांच्या घरच्या कार्यानिमित्त आम्हांस पुसदेस जाण्याचा योग आला. कार्य आटोपल्यावर चार दिवस अधिक काढून आम्ही पांढरकवड्याच्या बाजूनें पैनगंगेपर्यंत जाऊन आलों. त्या प्रवासांत जें पाहिलें व ऐकलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

यवतमाळाहून दारव्हा, दिग्रस करीत पुसदेकडे जाणारा रस्ता त्या दिवसांत रमणीय असतो. काळ्याभोर जमिनींत कापूस फुटलेला, मधूनमधून तुरीचीं पिवळीं फुलें, आणि दूरवर सागाच्या झाडीनें मढलेल्या बुटक्या डोंगरांच्या रांगा. गांव येतो, त्याचें देऊळ, चावडी, पिंपळाचा पार दिसतो, आणि गांव संपून अर्धा कोस होतो न होतो तोंच दुसरी वस्ती लागते. तिच्या देवळावर सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा असतो. हा बंजाऱ्यांचा तांडा. त्याचा नायक वेगळा, कारभारी वेगळा, आणि घरांत बोलली जाणारी गोरमाटी बोलीही वेगळी. तिचें नातें मराठीपेक्षां राजस्थानी बोलींशीं अधिक जवळचें आहे. हे लोक आपणांस 'गोर' म्हणवितात, आणि बाकीचे आपण सर्व, ब्राह्मण असों, कुणबी असों वा मुसलमान असों, त्यांच्या लेखीं 'कोर'. जगाची अशी दोहोंत वांटणी करण्याची रीत विचित्र आहे असें सोंवळें-ओंवळें पाळलेल्या घरांनीं तरी म्हणूं नये.

दिग्रसच्या पुढें एका तांड्यांत आम्ही थांबलों. निम्म्याहून अधिक दारांना कुलुपें होतीं. "सगळे उसाला गेले," असें ओट्यावर बसलेल्या एका वृद्धेनें सांगितलें. दिवाळी झाली कीं मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत साखर कारखान्यांचा ऊस तोडण्यास जातात, तीं उन्हाळा लागल्यावर परततात. मागें राहतात म्हातारीं माणसें आणि शाळेंत जाणारीं मुलें. वृद्धेच्या अंगावर आरसे जडविलेली कांचळी व घेरदार फेटिया होता. तिच्या शेजारीं निळ्या गणवेशांतील नात इंग्रजीचें पुस्तक घेऊन बसली होती. ती आजीशीं गोरमाटींत आणि आमच्याशीं स्वच्छ मराठींत बोले. आजीसारखा पोशाख करशील का, असें विचारतां ती हंसून म्हणाली, "लग्नांत घालीन कीं, आजीसाठीं."

या लोकांचा इतिहास वाचकांस थोडासा ठाऊक असेलच. रेल्वे व पक्के रस्ते नव्हते तेव्हां हजारों बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत नेण्याचा धंदा बंजाऱ्यांच्या हातीं होता. मोंगलांचें असो वा इंग्रजांचें, लष्कर त्यांच्या रसदेवर चाले. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली, आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार पाहतां पाहतां बसला. त्यानंतर चारच वर्षांनीं, १८७१ सालीं, सरकारनें कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. पुढें १९११ सालीं तो देशभर लागू करण्याची तजवीज झाली. ज्याचा धंदा गेला व ज्यास ठाव नाहीं, तो संशयित, असा हा न्याय. वऱ्हाडांतील बंजाऱ्यांचें पहिलें तपशीलवार वर्णन त्या काळीं लिहिलें गेलें तें कंबरलेज नांवाच्या एका पोलीस अधिकाऱ्याकडून. यावरूनच सरकार त्यांच्याकडे कोणत्या नजरेनें पाही तें कळतें. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला, आणि त्या बंधनांतून सुटलेल्या जमातींस 'विमुक्त' हें नांव मिळालें. महाराष्ट्रांत बंजारा समाज आजही त्याच यादींत, 'विमुक्त जाती अ' या वर्गांत आहे.

कायदा गेला तरी शिक्का लवकर जात नाहीं. याची साक्ष आमच्या घरांतच आहे. आमच्या लहानपणीं अंगणांत कुरडया-पापडांचें वाळवण घातलेलें असे, आणि रस्त्यानें रंगीत घागऱ्यांचा घोळका दिसला कीं आजी म्हणे, "लमाणी आले, वाळवण उचला." आमच्या स्मरणांत त्यांपैकीं कोणीं एक पापडसुद्धां नेल्याचें नाहीं. तरी वाळवण दर वेळीं उचललें जाई, आणि तें उचलण्यांत आम्हां मुलांचे हात सर्वांत पुढें असत.

अशा समाजांतून पुसद तालुक्यांतील गहुली या गांवीं १ जुलै १९१३ रोजीं वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. वडील फुलसिंग नाईक तांड्याचे नायक. वसंतराव नागपुरास शिकले, वकील झाले, आणि १९४१ सालीं त्यांनीं नागपूरच्या घाटे या ब्राह्मण घराण्यांतील वत्सलाबाईंशीं विवाह केला. त्या काळीं या विवाहानें दोन्हीं बाजूंस केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना आमच्या वाचकांस सहज करतां येईल. पुढें १९६३ च्या डिसेंबरांत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांचा जन्मदिवस राज्यांत कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हेही १९९१ ते १९९३ या काळांत मुख्यमंत्री होते. एका तालुक्यानें, आणि तेंही एका तांड्यानें, राज्यास दोन मुख्यमंत्री दिले. मिसळून जाण्याचें याहून मोठें उदाहरण कोणतें द्यावें? परंतु त्याच तालुक्याच्या वाटेवर आम्ही कुलुपें लावलेलीं दारेंही पाहिलीं होतीं.

पुसदेंत ज्यांच्याकडे आम्ही एक रात्र राहिलों ते गृहस्थ बंजारा समाजांतले, पेशानें शिक्षक. जेवणानंतर अंगणांत बसलों असतां ते म्हणाले, "काका, माझी बहीण आदिलाबादकडे दिली आहे. आमच्या वडिलांना सहा नातवंडें. माझीं तीन विमुक्त, आणि बहिणीचीं तीन अनुसूचित जमातींतलीं. म्हाताऱ्याच्या मांडीवर सहाही बसतात, पण सरकारच्या लेखीं तीं एका जातीचीं नाहींत."

हें असें कां झालें, तें समजून घेण्यास थोडें मागें जावें लागतें. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आलें, आणि पैनगंगा ही दोन राज्यांची सीमा झाली. उत्तर तीर इंग्रजांचा, दक्षिण तीर निजामाचा. स्वातंत्र्यानंतर प्रांत बदलले, १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली, पण जमातींच्या याद्या प्रांताप्रांतांनुसार तयार झालेल्या होत्या. १९७६ च्या दुरुस्तीनें तेलंगण विभागांतील लंबाडा, म्हणजे हेच बंजारा, अनुसूचित जमातींत घेतले गेले. कर्नाटकांत लंबाणी अनुसूचित जातींत आहेत. महाराष्ट्रांत ते विमुक्त. बोली एक, देव एक, सोयरीक एक, आणि सरकारी नांवें तीन.

महाराष्ट्रांतील बंजारा समाजाची अनुसूचित जमातींत घेण्याची मागणी जुनीच आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठा समाजाच्या दाखल्यांसाठीं राज्य सरकारनें हैद्राबाद संस्थानच्या जुन्या गॅझेटचा आधार मान्य केला, तेव्हां त्याच आधारावर ही मागणी पुन्हां जोरानें पुढें आली आणि मोठमोठे मोर्चे निघाले. येथें मोठी अडचण आहे. १९६५ सालीं लोकूर समितीनें जमात ओळखण्याचीं लक्षणें सांगितलीं, तीं अशीं: आदिम राहणी, वेगळी संस्कृति, दुर्गम प्रदेशांत वास्तव्य, परक्यांशीं मिसळण्याचा बुजरेपणा, आणि मागासलेपणा. म्हणजे एका हातानें सरकार सांगतें कीं मुख्य समाजांत मिसळा, शाळेंत जा, शहरांत या. आणि दुसऱ्या हातानें विचारतें कीं तुम्ही बुजरे आहां का? आमचे यजमान हंसून म्हणाले, "शिकलों तर म्हणतात, तुम्ही सुधारलां, आतां कसले आदिवासी? न शिकलों तर म्हणतात, यांना सुधारावयाचेंच नाहीं."

हा घोळ केवळ आपल्याच देशांत आहे असें नाहीं. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यांत, बाल्कन देशांत, रोम या नांवाचे लोक शतकानुशतकें राहतात. त्यांचे पूर्वज हिंदुस्थानांतून गेले, हें त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालें आहे. पाण्यास ते 'पानी' म्हणतात, माणसास 'मनुश'. मात्र सात, आठ, नऊ हे आंकडे त्यांनीं वाटेंत ग्रीकांकडून उचलले. परक्यास ते 'गाजो' म्हणतात, जसे आपले बंजारा 'कोर' म्हणतात. यावरून रोम आणि बंजारा हे एकाच रक्ताचे असें कित्येक सांगतात. भाषाशास्त्र मात्र इतकें पुढें जात नाहीं. रुमानियाच्या मुलखांत हे लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुलाम होते. आज त्याच प्रदेशांत नांवांचा घोळ असा कीं कोसोवो प्रांतांत एकास रोम, दुसऱ्यास अश्काली, तर तिसऱ्यास इजिप्शियन म्हणतात, आणि शिरगणतीच्या वेळीं कोणी आपणांस तुर्क लिहवितो तर कोणी अल्बेनियन. बल्गेरियानें १९८४-८५ च्या हिवाळ्यांत आपल्या तुर्की प्रजेचीं नांवें सक्तीनें बदलून त्यांस मिसळून टाकण्याचा प्रयत्न केला. परिणाम असा झाला कीं १९८९ सालीं तीन लाखांहून अधिक माणसें घरदार सोडून तुर्कस्थानांत गेलीं. सक्तीनें मिसळविलेला समाज मिसळत नाहीं, हा धडा त्यांतून घ्यावा.

तिसऱ्या दिवशीं आम्ही पांढरकवड्यास गेलों. तेथून हैद्राबादकडे जाणारा हमरस्ता पाटणबोरीवरून पैनगंगेच्या पुलावर येतो. पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. पाणी उथळ होतें, खडकांवर बगळे बसले होते. या बाजूचा बंजारा पूल ओलांडून पाहुणचारास जातो, आणि यजमान व पाहुणा यांच्या दाखल्यांवर निरनिराळे शब्द असतात. हें पाहून आम्हांस बंजाऱ्यांची बाजू पूर्णपणें पटली होती, आणि आमचा प्रवास तेथेंच संपता तर हा लेखही तेथेंच संपला असता.

परंतु परततांना एका परिचितांनीं आम्हांस डोंगराच्या कुशींतील कोलामांच्या पोडावर नेलें. कोलामांच्या वस्तीस 'पोड' म्हणतात. कुडाच्या, शेणानें सारवलेल्या भिंतींचीं वीस-पंचवीस घरें, आणि अंगणांत बांबूच्या कामट्या सोलीत बसलेले पुरुष. कोलामी ही द्राविडी कुळांतील भाषा. राजस्थानी वळणाच्या गोरमाटीशीं किंवा आपल्या मराठीशीं तिचें नातें नाहीं. या डोंगरांतील देवांचे जुने पुजारी म्हणून गोंड लोकही कोलामांस मान देतात. महाराष्ट्रांतील ज्या तीन जमातींस सरकार अत्यंत दुर्बल मानतें, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम, त्यांतील ही एक. तेथील एका वृद्धास आम्हीं मोर्च्यांविषयीं विचारलें. तो बराच वेळ कामटी सोलीत राहिला, मग म्हणाला, "बंजारा काही आमचा वैरी नाही. तोही गरीबच हाय. पण त्याची पोरं शिकली, आमची आत्ता कुठं शाळेत बसली. एका ताटात जेवाले बसलो तर आमच्या पोराले काय उरन, एवढंच भेव वाटते."

या भीतीस आधार आहे. आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करण्यांत ज्यांनीं अनेक वर्षें घालविलीं, त्या हायमेनडॉर्फ यांनीं लिहून ठेवलें आहे कीं लंबाडांस जमातीचा दर्जा मिळाल्यावर महाराष्ट्रांतून पुष्कळ बंजारा त्या बाजूस गेले आणि गोंडांच्या जमिनींवर त्याचा ताण पडला. २०१७ च्या डिसेंबरांत आदिलाबाद भागांत या दोन समाजांत दंगे झाले. ज्या तीरावर बंजाऱ्यास हवें तें नांव मिळालें, तेथें शेजाऱ्याशीं असलेला त्याचा सलोखा गेला.

मग न्याय कोणता? आम्ही कायदेपंडित नाहीं. पण चार दिवसांच्या प्रवासानें आमच्या मनाशीं एक गोष्ट पक्की झाली. उसाच्या फडावर गेलेल्या माणसाच्या मुलास शिक्षण व भाकरी मिळणें हा त्याचा हक्क आहे; आणि त्यासाठीं आपण रानटी व बुजरे आहोंत असें त्यास सिद्ध करावयास लावणें हें लाजिरवाणें आहे. तसेंच त्याचा वांटा कोलामाच्या ताटांतून काढून देणें हाही अन्यायच होय. त्याचें ताट वेगळें वाढावें, आणि तें पुरेसें वाढावें. तें कसें वाढावें हें राज्यकर्त्यांनीं ठरवावें. सध्यां मात्र दोन भुकेलेले एकमेकांकडे संशयानें पाहत आहेत, आणि ज्यांस आपण कोण हें कधींही कोणत्याही कचेरींत सिद्ध करावें लागलें नाहीं असे आम्ही लोक बाजूस बसून मत देत आहोंत.

घरीं परतल्यावर नातवानें विचारलें, "आजोबा, तुम्ही कोणाकडे राहिलां होतां?" आम्हीं त्या शिक्षकांचें नांव सांगितलें, आणि त्यांच्या सहा नातेवाइक मुलांची गोष्ट सांगितली. मग वाळवणाची गोष्टही सांगितली. तो म्हणाला, "पण त्यांनीं कांहीं नेलें नव्हतें, तर तुम्ही उचलीत कां होतां?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. पुसदच्या यजमानांस आम्हीं उन्हाळ्यांत सहकुटुंब आपल्याकडे येण्याचें निमंत्रण पाठविलें आहे. तेव्हां अंगणांत वाळवण असेलच. तें जागच्या जागीं राहील.