कोजागिरीनंतरची खामगावची रात्र

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की बहुतेक गावांत देवीचे मांडव उतरतात. खामगावात त्याच सुमाराला बांबू आणि ताडपत्र्या नव्याने रस्त्यावर येतात. जलालपुरा भागातली मोठी देवी आमच्याकडे बसते ती कोजागिरीला. तिच्या उत्सवाला शांती उत्सव म्हणतात. नवरात्राची धावपळ, घट, उपास सगळं संपलेलं असतं, दिवाळीचा फराळ अजून सुरू व्हायचा असतो आणि शेतात पहिली वेचणी आलेली असते. वर्षातला हा पंधरवडा खामगावचा आहे. इतर दिवशी रात्री नऊला शटर ओढणारं हे गाव या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत जागं असतं.

माझी भाची ओसाकात नोकरी करते. यंदा तिने सुट्टी मुद्दाम या दिवसांत घेतली. मुंबईला उतरली, रात्रीच्या गाडीने शेगावला आली आणि शनिवारी सकाळी घरी पोचली. सोमवारी तिला परतायचं होतं. चहा पिता पिताच म्हणाली, "मावशी, दोन दिवस आहेत. एक रात्र देवीची, एक चांदीची."

तिकडचे तिचे शनिवार मी फोनवरून ऐकत आले आहे. शिनसाइबाशीची छपराखालची बाजारपेठ जवळपास 600 मीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, पाऊस पडो की ऊन, खरेदी थांबत नाही. ती गल्ली संपते तिथे पूल लागतो, खाली दोतोनबोरीचा कालवा आणि समोर धावणाऱ्या खेळाडूची ती प्रसिद्ध पाटी. 1935 साली पहिल्यांदा लागलेली ही पाटी आजवर अनेकदा नवी झाली, पण धावणारा गडी तोच राहिला. पुलावर तरुण पोरापोरींची गर्दी, कडेला ऑक्टोपसचे तुकडे घालून केलेले गरम ताकोयाकी, गल्ल्यावर उरलेले पैसे लहानशा तबकात ठेवून वाकून परत देणारे दुकानदार. साधारण बाराच्या सुमाराला शेवटची मेट्रो सुटते. ज्यांची चुकते ते गाण्याच्या खोल्यांमध्ये बसून पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहतात. हे सगळं सांगून झाल्यावर भाची दर वेळी एक गोष्ट सांगायची. रात्री अकराला ती एकटी स्टेशनावरून घरी चालत जाते आणि तिला मागे वळून पाहावं लागत नाही.

ओसाका आणि खामगाव ही दोन नावं एका वाक्यात आली की ऐकणाऱ्याला नवल वाटतं. पण या दोन गावांमध्ये एक जुना धागा आहे आणि तो अक्षरशः कापसाचा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे 1861 ते 1865 या काळात, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगावचा कापूस बाजार भरभराटीला आला. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा छोटासा फाटा टाकला गेला, जेमतेम 13 किलोमीटरचा, तोही मुख्यतः गाठी वाहून नेण्यासाठी. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. पुढे 1880 च्या दशकात ओसाकात मोठ्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. 1893 साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने जपानी कंपनीने कोबे ते मुंबई अशी जहाजं सुरू केली, ती मुख्यतः या कापसासाठीच. वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकलेला कापूस मुंबईच्या गोदीतून तिकडे जाऊ लागला. माझी भाची ज्या शहरात पिशव्या भरून हिंडते, त्या शहराच्या श्रीमंतीत आमच्या शेतकऱ्याचाही घाम आहे.

त्या गिरण्यांबद्दल वाचताना एका गोष्टीपाशी मी थांबले. ओसाका स्पिनिंग कंपनीने 1886 मध्ये विजेचे दिवे लावले ते रात्रपाळीसाठी. चाती रात्रंदिवस फिरत राहिली आणि चात्यांसमोर उभ्या होत्या खेड्यापाड्यांतून आणलेल्या कोवळ्या मुली. बायकांच्या रात्रपाळीवर बंदी प्रत्यक्षात यायला 1929 साल उजाडलं. म्हणजे ओसाकाच्या दिव्यांखाली आधी बायका राबल्या. त्या दिव्यांखाली मनासारखं हिंडण्याची मुभा फार पुढच्या पिढ्यांना मिळाली. शहराची रात्र नुसत्या दिव्यांनी होत नाही. ती कोणाच्या मालकीची आहे, यावर तिचा रंग ठरतो.

शनिवारी रात्री आम्ही देवीला निघालो. रिक्षा फरशी भागाच्या अलीकडेच सोडावी लागली. पुढे नुसती माणसं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांगड्यांचे, स्टीलच्या भांड्यांचे, प्लास्टिकच्या फुलांचे ठेले, कढईतून निघणारे आलूबोंडे, आकाशपाळण्याची कुरकुर, भोंग्यावर हरवलेल्या पोरांची नावं. खेड्यांवरून आलेली कुटुंबं ओळीने चालत होती. पुढे आजी, तिच्या पदराला धरून नातवंडं, मागे सुना. एका ठेल्यावर बांगड्या भरून घेणाऱ्या बाईने भाचीला न्याहाळलं आणि विचारलं, "कवा आली वो बाई? लय दिवसानं दिसून राहिली." ती आमच्या जुन्या वाड्यात भाडेकरू होती. तिथून पुढे पाव तासाच्या वाटेला आम्हाला तास लागला. देवीसमोर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. त्या मोठ्या मूर्तीकडे मान वर करून पाहणाऱ्या गर्दीत निम्म्याहून अधिक बायका होत्या आणि घरी जायची घाई कोणालाच दिसत नव्हती.

रविवारची संध्याकाळ सराफ्याची. खामगावला रजतनगरी म्हणतात ते उगीच नाही. इथल्या चांदीच्या कसावर लोकांचा विश्वास पिढ्यांचा आहे आणि लांबलांबची माणसं लग्नाची चांदी घ्यायला इथे येतात. भाचीला पैंजण हवे होते. तिने सोबत आजीचे जुने तोडे आणले होते, मोडीत घालायला. सराफाने ते हातात घेऊन जरा वजन जोखलं, कडेला थोडं घासून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे मोडू नका. अशी घडण आता कोणी करत नाही." टंच काढून त्याने चांदीचा भाव सांगितला, मजुरी वेगळी सांगितली आणि तोडे परत तिच्या हातात ठेवले. मग नवे पैंजण काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवले. घुंगरं स्थिर होईपर्यंत आकडे हलत राहिले आणि आम्ही तिघंही गप्प राहून त्यांच्याकडे पाहत होतो. शेवटी गुलाबी पातळ कागदाची घडी, तिच्यात पैंजण, वर दोऱ्याचे दोन वेढे.

शेजारी एक शेतकरी जोडपं बसलं होतं. शेतात सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी उरकली, थोडा कापूस विकला आणि बायकोसाठी जोडवी घ्यायला आले होते. आमच्या भागात चांदी ही शेतकऱ्याची ठेव आहे. हंगाम चांगला गेला की ती अंगावर चढते, दुष्काळात मोडीत जाते. भाव पडतो, बोंडअळी येते, परतीचा पाऊस फुटलेलं बोंड भिजवतो. इतक्यातून वाचलेल्या पैशाची जोडवी पायात घालून पाहताना त्या बाईने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ती पायांकडेच पाहत राहिली. खरेदीला मौज म्हणावं की नाही यावर मोठमोठी माणसं वाद घालतात. त्यांनी हे पाहावं. वर्षभराच्या कष्टाला मिळालेलं ते रूप होतं.

परतताना भाची म्हणाली, "मावशी, असं रात्री बाराला आपण दोघी एरवी कधी मेन रोडवर चाललो होतो का?" नव्हतो. इथे वाढताना तिला सातच्या आत घरात हा नियम होता आणि तो मीही तितक्याच काटेकोरपणे पाळायला लावला होता. गाव तेच, रस्ते तेच, माणसंही तीच. मग या दिवसांत भीती कुठे जाते? मला त्याचं उत्तर साधं वाटतं. या रात्री दिवे लागलेले असतात, दुकानं उघडी असतात, पोलीस दिसतात आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर शेकडो बायका असतात. एक बाई रस्त्यावर असली की तिच्याकडे वळून पाहिलं जातं, शंभर असल्या की तो रस्ता त्यांचा होतो. ओसाकात जे रोजच्या व्यवस्थेने साधलं, ते आमच्याकडे देवीच्या नावाने वर्षातून थोडे दिवस साधतं. पण साधतं, हे खरं आहे.

म्हणून खामगावकरांना माझं मागणं आहे. उत्सव उठला की रस्त्यावरचे दिवे काढू नका. सराफा आणि मेन रोडची दुकानं आठवड्यातून निदान शनिवारी तरी उशिरापर्यंत उघडी ठेवा. नाट्यगृह, वाचनालय, बाग, जे जे रात्री उघडं ठेवता येईल ते ठेवा आणि आपल्या लेकीसुनांना तिथे जाऊ द्या, स्वतःही जा. पुण्यामुंबईत आणि परदेशात गेलेल्या आमच्या मुलामुलींनो, जमलं तर दिवाळीच्या आधीच, कोजागिरीला या. देवी पाहा, थोडी का होईना चांदी इथे घ्या, रात्री बाराला गावातून पायी चाला. ज्या गावात मुलीला रात्री मोकळं चालता येतं, त्या गावाकडे मुली परत येतात.