उपचार

'उपचार' हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. औंढा नागनाथाच्या परिसरात वाढलेल्यांना पूजेतले षोडशोपचार लहानपणापासून ठाऊक असतात आणि दवाखान्यातला उपचार तर सर्वांनाच ठाऊक असतो. जवळ जाऊन सेवा करणे हा त्याचा मूळ अर्थ मात्र दोन्हीकडे झिजतो आणि बरेचदा 'औपचारिक' तेवढे उरते.

तो मूळ अर्थ मी वसमत तालुक्यातील एका घरी पाहिला. त्या घरातील चार वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. हातापायांचे स्नायू ताठ आहेत. पूर्वी आई त्याला कडेवर घेऊन एसटीने शहरात जाई. अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी तिची दिवसाची मजुरी बुडे. पुढे एका सेवाभावी संस्थेची कार्यकर्ती घरी येऊ लागली. तिने महागडे साहित्य आणले नाही. चमच्याच्या दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून तो जाड केला, म्हणजे आखडलेल्या बोटांना धरता यावा. गोधडीची वळकटी पाठीशी देऊन मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात बसवायला शिकवले. या शास्त्राला 'व्यवसायोपचार' म्हणतात. चार वर्षांच्या मुलाचा व्यवसाय तो कोणता? जेवणे, खेळणे, सदऱ्याचे बटण लावणे! महिन्यातून दोनदा शहरात गेले तर एक तास पदरी पडतो. घरातली जेवणे मात्र महिन्याला साठ होतात. बालवयातला मेंदू पुनःपुन्हा केलेल्या कृतीतून शिकतो. त्यामुळे हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्या कार्यकर्तीचा पहिला प्रश्न मुलाविषयी नव्हताच. "ताई, तुम्हाला झोप लागते का?" असे तिने आईला विचारले. सुनेने ग्रहण पाळले नाही, असे म्हणणाऱ्या आजीशी तिने वाद घातला नाही. वळकटी बांधण्याचे काम आजीकडे सोपवले. डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 2001 साली मुंबईत स्थापन केलेल्या 'उम्मीद' या संस्थेचे कामही मुलासोबत कुटुंबाला धरूनच चालते.

तरीही सारे ओझे आईच्याच कडेवर राहते, हे मला खटकते. 'घरीच करून घ्या' हे शब्द सल्ला म्हणून ठीक. ती पळवाट होता कामा नये. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. पण दिवाळीच्या सुमारास हे कुटुंब ऊसतोडीला निघते. कारखान्याच्या तळावरील कोपीत या मुलाचा व्यायाम कोण पाहणार? त्याची नोंदवही त्याच्याबरोबर जाते का?

तुमच्यापैकी काहीजण अंगणवाडीत किंवा शाळेत काम करून ही पदवी घेत असाल. सहा महिन्यांनंतरही मान न धरणारे बाळ दिसले, तर "होईल हळूहळू" असे म्हणू नका. आईला तपासणी पथकाच्या भेटीचा दिवस सांगा, आणि शक्य झाल्यास त्या दिवशी तिच्यासोबत थांबा.