पेटीतला सूट आणि शिवणीतली माया

मेहकरहून खामगावच्या एसटीत बसलं की जानेफळ फार लांब नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, कुठे सोयाबीनची गंजी, कुठे कपाशीची पहिली बोंडं फुटलेली. आम्ही तिघं भावंडं या गावात वाढलो. आता थोरली आपा नागपूरला, मधला पुण्याला आणि धाकटा अकोल्याला. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मेहकरपर्यंत पोहोचणं सोपं झालंय, तरी तिघं एकाच दिवशी घरी असण्याचे योग कमीच. गेल्या ऑक्टोबरात तो योग आला. धाकट्याचा निकाह डिसेंबरात ठरला होता आणि त्याने फोनवर एकच हट्ट धरला होता, "मी अब्बांचाच सूट घालणार."

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचा हा एकच सूट. १९८१ सालच्या त्यांच्या निकाहासाठी खामगावहून कापड आणलं होतं, रंग गडद राखाडी. शिवला मात्र जानेफळातल्याच टेलरकाकांनी. तो सूट अब्बांनी निकाहात घातला, आपाच्या लग्नात घातला, २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला घातला आणि थंडीत आलेल्या ईदला घातला. आपली ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस आधी सरकते, त्यामुळे ती तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. १९९८ पासून पुढची चार-पाच वर्षं रमजान ईद डिसेंबर-जानेवारीत आली होती. ईदगाहकडे चाललेल्या गर्दीत सूट घातलेले अब्बा आम्हाला लांबूनच ओळखू यायचे.

अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली. माळ्याखालची लोखंडी पेटी त्यानंतर एकदाच उघडली गेली होती. ती का उघडली गेली, हे आधी सांगायला हवं, कारण ते प्रत्येक घराने ऐकण्यासारखं आहे.

दोन वर्षांपूर्वी आपा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. थंडीचे दिवस होते, म्हणून अम्मीने पेटीतली जुनी दुलई आणि लोकरीचं झबलं काढून बाळाला घातलं. पेटीत नेहमीप्रमाणे डांबराच्या गोळ्या होत्या. कपड्यांना त्यांचा उग्र वास होता, पण आम्हाला तो स्वच्छतेचाच वास वाटायचा. चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागलं. मेहकरला नेलं. दिव्याखाली ठेवलं. डॉक्टरांनी पहिल्या पाच प्रश्नांतच विचारलं, "घरात डांबराच्या गोळ्या वापरता का?"

काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. मुलग्यांत हा दोष आईकडून येतो आणि त्याचा त्रास मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो. अशा बाळाच्या अंगात गोळ्यांमधल्या नॅप्थलीनची वाफ गेली, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. ती मेंदूपर्यंतही पोहोचू शकते. आपाच्या मुलाची तपासणी केली, तेव्हा ही कमतरता निघाली. कावीळ गोळ्यांमुळेच झाली असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण घरातून त्या आजच हद्दपार करा, हे मात्र त्यांनी ठणकावून सांगितलं. अल्हम्दुलिल्लाह, मुलगा आता अंगणभर धावतो.

त्या रात्री अम्मीने घरातल्या सगळ्या पेट्या उघडल्या, गोळ्या वेचून बाहेर काढल्या आणि झाकणं लावली. ते योग्यच होतं. फक्त गोळ्यांच्या जागी दुसरं काय करायचं, हा विचार त्या घाईत कुणाला सुचला नाही. अब्बा असताना दरवर्षी ऑक्टोबरात सूट उन्हात यायचा. ते गेल्यावर ती पाळीही चुकली होती.

म्हणून या ऑक्टोबरात आम्ही पेटी उघडली, तेव्हा जे दिसलं ते आमच्याच दुर्लक्षाचं फळ होतं. कोटाच्या कॉलरखाली मसुराएवढी दोन भोकं, डाव्या बाहीवर एक, पँटच्या गुडघ्याजवळ कुरतडल्यासारखी रेघ. शिवणीत पांढुरकी जाळी. कसर लागली होती. धाकटा काही बोलला नाही. त्याने सवयीने कोटाच्या खिशात हात घातला आणि खडूचा एक तुकडा बाहेर काढला. अम्मी उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सूट घेऊन आम्ही टेलरकाकांकडे गेलो. आता मशीनवर त्यांचा मुलगा बसतो. काका नुसते बाजेवर बसून काज-बटणांवर नजर ठेवतात. त्यांनी सूट उजेडात धरला, उलटा केला, अस्तराची शिवण चार बोटं उसवली आणि बोट आत घातलं.

"हे पाहा बाप्पा," ते म्हणाले, "गुर्जींचा सूट मी शिवला तवा सगळीकडं दीड-दीड इंच माया ठेवली होती. पाठीत हाय, बाहीत हाय, पँटीच्या कमरेत त दोन इंच हाय. तुमचे अब्बा तवा काडीसारखे होते. म्या म्हटलं, मास्तर हाय, पुढं अंग भरीन."

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. लहानपणापासून हा शब्द कानावर होता, पण त्याचा उपयोग त्या दिवशी कळला. धाकटा अब्बांपेक्षा खांद्यात रुंद आहे. मायेतून पाठ सैल होणार होती. शिवाय भोकं बुजवायला लागणारा धागाही तिथूनच मिळणार होता. चांगला रफूगर बाहेरून धागा आणत नाही. त्याच कापडाच्या लपलेल्या भागातले धागे उपसतो आणि ताण्या-बाण्यात एकेक करून विणतो. त्यामुळे रंग आणि पोत दोन्ही जुळतात. उत्तर प्रदेशातलं नजीबाबाद या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडेही मोठ्या गावांत एखादा रफूगर अजून सापडतो. आमचं काम अकोल्याला झालं. बाहीवरचं भोक कुठे होतं, ते आता आम्हालाही शोधावं लागतं.

काकांनी खुणा करायला खडू मागितला. धाकट्याने खिशातला तुकडा पुढे केला. काका हसले आणि त्याच खडूने त्यांनी पाठीवर रेघ ओढली.

मधल्याने मग आपली तक्रार काढली. त्याच्या लग्नातला तयार कोट अब्बांच्या सूटपेक्षा महाग होता. तीन वर्षांत शहरातल्या एका लाँड्रीतून तो परत आला, तेव्हा छातीवर बुडबुडे आले होते. काकांनी कारण सांगितलं. जुन्या पद्धतीच्या कोटात छातीच्या आत कॅनव्हास असतो आणि तो हाताच्या टाक्यांनी कापडाला सैलसर जोडलेला असतो. स्वस्तात आणि झटपट शिवायचं तर आतलं बुकरम गोंदाने चिकटवतात. जास्त उष्णता किंवा वाफ लागली की गोंद सुटतो आणि बुडबुडे येतात. त्याला पुढे उपाय नाही. विकत घेताना खालच्या बटणाजवळ कोटाचं पुढचं आणि मागचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलगद वेगळं ओढावं. मध्ये तिसरा सुटा थर बोटांना लागला, तर कॅनव्हास आहे. आणि शिवून घेत असाल, तर शिंप्याला माया किती ठेवणार, हे आधी विचारावं.

गोळ्यांऐवजी काय, हा प्रश्न उरलाच होता. काका, अम्मी आणि नागपूरला आपाच्या शेजारी राहणाऱ्या एक निवृत्त प्राध्यापिका, अशा तिघांकडून मिळून आम्ही जे शिकलो आणि आता पाळतो, ते असं.

कसर म्हणजे उडणारं पाखरू नव्हे, त्याची अळी. पाखरू काही खात नाही, फक्त अंडी घालतं. अळी लोकर आणि रेशीम खाते, निव्वळ सुती कापड सहसा सोडते. तिला अंधार, शांतता आणि कापडावरचा घाम किंवा अन्नाचे डाग आवडतात. म्हणून न धुता ठेवलेला वलीम्याचा सूट ही तिची मेजवानीच. पेटीत जाण्याआधी सूट स्वच्छ झालाच पाहिजे. पण प्रत्येक वेळी ड्रायक्लीन करू नये, त्यानेही कापड थकतं. एकदा घातल्यावर रात्रभर रुंद खांद्याच्या हँगरवर मोकळ्या हवेत ठेवावा, मऊ ब्रशने वरून खाली झटकावा आणि निदान एक दिवस विसावा द्यावा. डाग पडला किंवा मोसम संपला, तरच लाँड्री. तिथून आलेली प्लास्टिकची पिशवी घरी येताच काढून टाकावी, नाहीतर ओल आत कोंडते.

कोरम्याचा रस्सा सांडला, तर चोळू नये. टिपून घ्यावा, वर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि काही तासांनी झटकावी. बरंचसं तेल ती पिते. अत्तर कापडावर लावू नये, मनगटावर आणि मानेवर लावावं. तेलकट अत्तराचा डाग गडद कापडावर वर्षभराने दिसतो. इस्त्री थेट फिरवू नये. वर ओलसर सुती फडकं ठेवून दाबावी, म्हणजे कोपरावर आणि बसायच्या जागी चकाकी येत नाही.

ठेवताना सगळे खिसे रिकामे करावेत. कपाट असेल, तर हँगर आणि वर सुती कव्हर. पेटीच असेल, तर कोटाचा एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवावा, घडीच्या आत जुन्या धुतलेल्या मलमलीची सुरळी ठेवावी आणि सगळं पांढऱ्या सुती चादरीत बांधावं. वर्तमानपत्र कापडाला लावू नये, शाई आणि पिवळेपणा दोन्ही उतरतात. पेटी भिंतीपासून दूर, पाटावर ठेवावी. पावसाळ्यात आपल्याकडच्या भिंती पाणी धरतात.

कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवून मलमलीच्या पुरचुंडीत घालावा. ओल्या पाल्याचे डाग पडतात. पण निंबाच्या वासावर विसंबून राहू नये, त्याने अळी मरत नाही. कापूर तान्ह्या मुलांच्या घरात नकोच. आणि कापूर नि डांबरगोळी एकत्र ठेवली, तर दोन्ही पाझरून कापडावर डाग पाडतात, हेही लक्षात असावं. लोकरीची टोपी किंवा मफलर यांना कसर लागल्याची शंका आली, तर घट्ट पिशवीत बांधून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवावं. मात्र तो कप्पा खरोखर उणे अठराच्या आसपास थंड असायला हवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये.

सगळ्यात मोठा उपाय फुकटचा आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, सूटला ऊन दाखवावं. सकाळचं, तासभर, उलटा करून. दुपारच्या उन्हात रंग उडतो. मग कॉलरच्या मागे, खिशाच्या झडपेखाली आणि शिवणींत ब्रश फिरवावा. अळीला त्रास देण्यासाठी एवढं पुष्कळ आहे. अब्बा दरवर्षी हेच करायचे, आणि आम्ही त्याला त्यांची हौस समजत होतो.

हैदराबादला पुरानी हवेलीत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचं दुमजली लाकडी कपाट आहे. आम्ही एकदा ते पाहून आलो आहोत. ते इतकं लांब की चालत चालत बघावं लागतं. एकदा घातलेला पोशाख ते पुन्हा घालत नसत, असं म्हणतात. कधी काळी आपलं वऱ्हाडही निजामाच्याच मुलखात होतं. त्याच वऱ्हाडात एका शिक्षकाने एका सूटवर उभी हयात काढली. इसराफ नको, असं आपण मुलांना सांगतो. अब्बांनी ते कधी तोंडाने सांगितल्याचं आम्हाला आठवत नाही.

डिसेंबरात निकाह झाला. धाकटा तो सूट घालून बाहेर आला, तेव्हा अम्मीने आधी कॉलर नीट केली आणि मग त्याच्याकडे पाहिलं. टेलरकाका पहिल्या रांगेत होते. त्यांचं लक्ष नवरदेवापेक्षा खांद्याच्या शिवणीवर जास्त होतं.

वलीम्यानंतर चार दिवसांनी आम्ही तिघांनी मिळून सूट ब्रश केला, मलमलीत बांधला आणि पेटीत ठेवला. झाकणाच्या आतल्या बाजूला आपाने कागद चिकटवून दोन महिने लिहिले, मार्च आणि ऑक्टोबर. पुढे तिघांची नावं, पाळीपाळीने. २०३० च्या सुमारास रमजान ईद पुन्हा थंडीत येणार आहे. पाठीच्या शिवणीत अजून पाऊण इंच माया शिल्लक आहे.