खाडीकाठची तहान

वैशाखात वाशीच्या घाऊक फळबाजारात सकाळी एकदा तरी जावे, आणि तेही उपाशीपोटी. हापूसच्या पेट्या उघडलेल्या असतात, पायांखाली गवत पसरलेले असते, माथाडी डोक्यावर पेट्या घेऊन वाट काढीत असतात आणि त्या वासाने माणूस वेडावून जातो. तोच माणूस घरी येऊन आमरस-पुरीवर आडवा हात मारतो, की दुपारी कोपऱ्यातल्या आढीचा वास त्याला नकोसा होतो. आंबा तोच, पोट मात्र पहिले राहिलेले नसते.

हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असे आमच्या सौभाग्यवती म्हणतात. पण मिशेल काबानाक या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १९७१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात नेमके हेच मांडले. उपाशी माणसाला गोड पाणी सुखद लागते. ग्लुकोज पाजल्यावर तेच नकोसे होते. अंग तापले असेल तर गार पाण्यात बुडवलेला हात सुखावतो, गारठले असेल तर तेच पाणी बोचते. जे शरीराला हवे, ते गोड!

बेलापूरची पारसिक टेकडी उन्हातून चढून पाहा. बाटलीतले कोमट पाणी तिथे अमृत होते. मोरबे धरणाच्या त्याच पाण्याने घरी आपण चूळ भरतो.

खाडीकाठच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. आणि तो वाळल्यावाचून अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसे उघड्यावर, उन्हात बसली होती. उष्माघाताने चौदा जणांचा जीव गेला.

शरीराचा निरोप दर वेळी वेळेवर येतोच असेही नाही. उतारवयात तहान मंदावते. पाणी हवे असते, पण घसा मागत नाही. आमचे वडील नेरुळच्या गॅलरीत भर दुपारी घामाने निथळत बसतात आणि पाण्याचा पेला दूर सारून म्हणतात, “तहान नाही रे!” सूनबाई वाद घालीत नाहीत. कैरीचे पन्हे पुढे ठेवतात, वर वेलदोडा. “चव बघा हो मामंजी, मीठ बरोबर पडलंय का?” मामंजी चव बघतात. मग खात्री करण्यासाठी आणखी अर्धा पेला मागतात.